हुकूम निघण्यापूर्वीचे दिवस

तालुक्याच्या मामलेदाराची बदली होणार अशी कुणकुण कचेरीत लागली आहे आणि प्रत्यक्ष हुकूम मात्र अद्याप निघालेला नाही, असे काही आठवडे ज्यांनी जवळून पाहिले असतील त्यांना त्या दिवसांची अवस्था ठाऊक आहे. कचेरी बंद पडत नाही, कारकून वेळेवर हजर होतात, दप्तरे उघडली जातात, अर्जांवर शेरे पडतात, आणि तरीही सगळ्या कारभारातून काही तरी निघून गेलेले असते. कोणी उघड अवज्ञा करीत नाही, कोणाच्या मनात द्रोह असतो असेही नाही. पण आज जी जोखीम अंगावर घ्यावी ती उद्याच्या साहेबाला मान्य होईल की नाही या शंकेने प्रत्येकाचा हात क्षणभर थबकतो, आणि अशा हजार क्षणांची बेरीज होऊन अंमल शिथिल पडतो. पडत्या काळातील फुटबॉल संघाचा प्रशिक्षक बदलला म्हणजे खेळाडूंवर काय परिणाम होतो, या प्रश्नाचा विचार करू लागलो की मला प्रथम ही कचेरी आठवते. कारण या प्रश्नाची जी उत्तरे सामान्यतः दिली जातात ती हुकूम निघाल्यानंतरच्या दिवसांकडे पाहून दिलेली असतात, आणि खरी हकीकत तर माझ्या मते त्यापूर्वीच्या दिवसांत घडून गेलेली असते.

हे मत बनण्यास कारण झाले ते इंग्लंडमधील लेस्टर या संघाचे उदाहरण. १८८४ साली स्थापन झालेल्या या संघाला सव्वाशेहून अधिक वर्षांत पहिल्या श्रेणीचे विजेतेपद एकदाही लाभले नव्हते. २०१५च्या हंगामाच्या आरंभी पैजा घेणाऱ्या पेढ्यांनी त्याच्या विजेतेपदाला एकास पाच हजार असा भाव लावला होता. आणि त्याच हंगामाच्या अखेरीस, २ मे २०१६ रोजी, क्लॉडिओ रानिएरी या साठी उलटलेल्या इटालियन प्रशिक्षकाच्या हाताखाली लेस्टर इंग्लंडचा विजेता ठरला. दुसऱ्या क्रमांकावरील आर्सेनलपेक्षा त्याचे दहा गुण अधिक होते. शेवटच्या घरच्या सामन्यापूर्वी आंद्रेआ बोचेल्ली मैदानात उभे राहून गायले तेव्हा त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या रानिएरींचा चेहरा ज्यांनी पाहिला, त्यांच्या स्मरणातून तो सहसा जाणार नाही. यानंतर दहा महिने पुरे होण्याच्या आत, २३ फेब्रुवारी २०१७ रोजी, रानिएरी बडतर्फ झाले.

त्या दिवशी संघाची स्थिती खरोखरच शोचनीय होती. पंचवीस सामन्यांत एकवीस गुण, वीस संघांत सतरावा क्रमांक आणि खालच्या श्रेणीत ढकलले जाण्याच्या रेषेपासून अंतर फक्त एका गुणाचे. साखळीतील लागोपाठ पाच सामने हरलेले होते, आणि नव्या वर्षात साखळीत एकही गोल झालेला नव्हता. ज्या संघाने आदल्या वर्षी मँचेस्टर, लंडन आणि लिव्हरपूलच्या धनाढ्य संघांना नमवले, त्याच संघाला फेब्रुवारीत खालच्या श्रेणीतील मिलवॉलने चषकाच्या स्पर्धेतून बाहेर काढले. मधल्या फळीतला एन्गोलो कान्ते उन्हाळ्यात चेल्सीला विकला गेला होता, हे एक कारण सर्वांनी सांगितले आणि ते खरेच आहे. परंतु एक माणूस गेल्याने उरलेल्या दहांची पावले मंद का व्हावीत, याचा उलगडा तेवढ्याने होत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. इंग्लिश फुटबॉलमध्ये खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत वर्षातून दोनदाच असते, आणि हिवाळ्यातली मुदत जानेवारीअखेरच्या सुमारास संपते. फेब्रुवारीत संघ बुडू लागला तर मालकाला खेळाडू बदलता येत नाहीत. त्यांचे करारही असे पक्के असतात की खेळ खालावला एवढ्या कारणावरून कोणाला काढता येत नाही. सबंध संस्थेत बदलता येण्याजोगी जागा एकच उरते. प्रशिक्षकाची बडतर्फी हा दोषाचा न्यायनिवाडा आहे अशी आपली समजूत असते, पण पुष्कळदा तो केवळ शक्यतेचा हिशेब असतो: पंचवीस खेळाडूंना घालवता येत नाही, म्हणून एकाला घालवावयाचे. हे खेळाडूंनाही ठाऊक असते, आणि ते ठाऊक असणे हाच त्यांच्यावर होणारा पहिला परिणाम होय.

रानिएरी गेल्यावर खेळाडूंवर जी आग पाखडली गेली तिला सीमा राहिली नाही. त्यांनी जाणूनबुजून खेळ ढिला केला, मालकाकडे जाऊन प्रशिक्षकाची तक्रार केली, ज्याने त्यांना कीर्ती दिली त्याच्याच पाठीत सुरा खुपसला, असे उघड बोलले गेले. खेळाडूंनी ते नाकारले. आघाडीवीर जेमी वार्डीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्याचे त्याने स्वतः सांगितले. मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक जोसे मोरिन्यो दुसऱ्या दिवशी छातीवर रानिएरींच्या नावाची आद्याक्षरे लावून वार्ताहरांपुढे आले. त्यांच्या या कृतीला एक पूर्वेतिहास होता: २००४ साली चेल्सीतून रानिएरींना काढून त्यांच्या जागी नेमले गेले ते मोरिन्योच, आणि डिसेंबर २०१५मध्ये मोरिन्योंची चेल्सीतील गादी गेली ती लेस्टरच्या मैदानावर रानिएरींकडून झालेल्या पराभवानंतर तीनच दिवसांनी. त्या पराभवाच्या रात्री मोरिन्यो म्हणाले होते की खेळाडूंनी माझ्या कामाशी प्रतारणा केली असे मला वाटते. मग चेल्सीच्या पुढच्याच सामन्यात संघ जिंकला, आणि जिंकत असताना त्याच्याच प्रेक्षकांनी त्याच्याच खेळाडूंची हुर्यो केली.

लेस्टरचा पुढचा सामना २७ फेब्रुवारीला लिव्हरपूलशी झाला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, आणि घरातील सर्व निजले असता आवाज अगदी बारीक करून मी तो सामना पाहिला. गॅलरीतून रानिएरींच्या नावाचा घोष चालला होता. मैदानावर मात्र त्यांच्या जाण्याने जणू मोकळे झालेले अकरा जण असे धावत होते की पाहणाऱ्याला आनंद व्हावा की लाज वाटावी हे कळू नये. अठ्ठाविसाव्या मिनिटाला ऑलब्रायटनच्या पासवर वार्डीने गोल केला. मधल्या फळीतल्या ड्रिंकवॉटरने दुरून, चेंडू जमिनीला लागू न देता, असा फटका मारला की गोलरक्षकाला काही करता येण्यासारखेच नव्हते. उत्तरार्धात वार्डीने डोक्याने आणखी एक गोल केला. लेस्टर तीन विरुद्ध एक असा जिंकला, आणि त्यानंतर साखळीतील आणखी चार सामने लागोपाठ जिंकला. युरोपीय स्पर्धेत सेव्हियाला हरवून उपान्त्यपूर्व फेरीत गेला. हंगामाच्या शेवटी चव्वेचाळीस गुणांनिशी बाराव्या स्थानावर सुखरूप उभा राहिला.

यावरून दोन निष्कर्ष सर्रास काढले गेले: एक, खेळाडू आधी मुद्दामच जीव लावून खेळत नव्हते, आणि दुसरा, नव्या माणसाने त्यांच्यात नवे चैतन्य भरले. दुसरा निष्कर्ष तर एका साध्या वस्तुस्थितीने ढासळतो. नवा माणूस आलाच नव्हता. रानिएरींच्या जागी हंगामी म्हणून बसले ते क्रेग शेक्सपिअर. आधीचे प्रशिक्षक नायजेल पिअर्सन यांच्या काळापासून ते संघात दुय्यम प्रशिक्षक होते. सराव तेच घेत, खेळाडू त्यांना वर्षानुवर्षे ओळखत, आणि पराभवाच्या त्या सगळ्या आठवड्यांतही ते रोज त्याच हिरवळीवर उभे होते. त्यांनी काही अघटित रचना शोधून काढली नाही. विजेतेपदाच्या वर्षी जे अकरा खेळत त्यांतील दहांना त्यांनी पुन्हा एकत्र उभे केले, कान्तेच्या जागी जानेवारीत आलेल्या विल्फ्रेड एन्डिडीला ठेवले, आणि चार-चार-दोन ही जुनी, प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेली मांडणी पुन्हा चालू केली. २०२४च्या ऑगस्टमध्ये शेक्सपिअर वारले. त्यांचे कर्तृत्व कमी लेखण्याचा माझा यत्किंचितही हेतू नाही. उलट माझे म्हणणे असे की त्यांनी जे दिले ते नवीनपणाहून अधिक मोलाचे होते. त्यांनी संदिग्धता संपवली.

पहिल्या निष्कर्षाला उत्तर देण्यासाठी खेळाच्या आत थोडे शिरावे लागेल. लेस्टरचा विजेतेपदाच्या वर्षीचा खेळ म्हणजे मुख्यतः एका क्षणाचा खेळ होता. प्रतिपक्षाचा चेंडू मधल्या फळीत हिसकावला गेला की ड्रिंकवॉटरने मान वर करण्याच्या आधीच वार्डी धावत सुटलेला असे. तो पाहून धावत नसे, चेंडू येणार या खात्रीवर धावत असे, आणि ड्रिंकवॉटरही वार्डीला पाहून चेंडू टाकीत नसे, तो तेथे असणारच या खात्रीवर टाकीत असे. या दुहेरी खात्रीतून अर्ध्या क्षणाची बचत होई, आणि तेवढ्यात बचावपटू मागे पडे. आता कल्पना करा की प्रशिक्षक दर आठवड्याला मांडणी बदलून पाहत आहे, कधी मधल्या फळीचा चौकोन करतो, कधी तीन बचावपटू ठेवतो, वर्तमानपत्रांत त्याच्या जाण्याची वार्ता रोज छापली जात आहे, आणि वार्डीच्या मनात, त्याच्याही नकळत, एवढेच आले की चेंडू कदाचित येणार नाही. तो धावतो, पण अर्धा क्षण उशिरा. त्याने कर्तव्यात कसूर केली असे कोणत्या न्यायासनापुढे सिद्ध करता येईल? तो स्वतःशीही शपथेवर सांगेल की मी जिवाची शर्थ केली, आणि ते खोटे नसेल. मागे बचावपटू मॉर्गन आणि हूथ यांनाही पुढे सरकावे की मागे हटावे याची शंका येते. ते मागे हटतात, कारण शंकेत मनुष्य मागेच हटतो. मग बचावफळी आणि मधली फळी यांच्यात रिकामी जागा पडते, आणि प्रतिपक्ष तेथे निवांतपणे वावरतो. गोल खावा लागतो, शंका दुणावते. विश्वास ही नीतीची गोष्ट आहे असे आपण मानतो, परंतु खेळाडूच्या शरीरात तो काळाचे एक सूक्ष्म माप होऊन राहतो, आणि ते माप बिघडण्यासाठी द्रोहाची गरज पडत नाही.

अशा अवस्थेत मालकांचे वर्तन निर्णायक ठरते. ७ फेब्रुवारीला लेस्टरने जाहीर निवेदन काढून रानिएरींना आपला अढळ पाठिंबा असल्याचे कळवले, आणि सोळा दिवसांनी त्यांना दूर केले. कचेऱ्यांचा अनुभव असणारा कोणीही सांगेल की ज्या अधिकाऱ्याला वरिष्ठांनी जाहीर पाठिंबा द्यावा लागतो, त्याच्या टेबलाकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागतात. त्या सोळा दिवसांत खेळाडूंनी कोणाची आज्ञा मानावयाची होती? आज जो सांगतो त्याची, की उद्या जो येईल त्याची? २२ तारखेला सेव्हियाविरुद्ध वार्डीने त्या वर्षातला आपला पहिला गोल केला, सामना गेला तरी पराभव निसटता राहिल्याने परतीच्या सामन्याची आशा जिवंत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हुकूम निघाला. रानिएरींनी नंतर लिहिले की लेस्टरमध्येच राहण्याचे आपले स्वप्न त्या दिवशी मेले. त्या वाक्यातील दुःख मी आजही विसरू शकत नाही, आणि तरीही माझे मत असे आहे की त्यांच्यावरचा अधिक मोठा अन्याय त्या दिवशीचा नव्हता. तो त्याआधीच्या आठवड्यांत त्यांना अधांतरी टांगून ठेवण्याचा होता.

माझ्या या म्हणण्याला सर्वांत सबळ पुरावा लेस्टरच्याच दप्तरात आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही याचे मला आश्चर्य वाटते. रानिएरी येण्यापूर्वीच्या हंगामात, म्हणजे २०१४-१५ साली, हाच संघ महिनोन्‌महिने तळाशी पडून होता. एकोणतीस सामन्यांत त्याचे गुण होते अवघे एकोणीस. पिअर्सन यांच्याविषयीही वावड्या उठल्या होत्या. पण हंगाम संपेपर्यंत त्यांना कोणी हलवले नाही. शेवटच्या नऊ सामन्यांपैकी सात जिंकून लेस्टरने बावीस गुण मिळवले आणि एक्केचाळीस गुणांवर तो चौदाव्या स्थानी पोहोचला. आता शेजारी २०१७चा हिशेब मांडा: प्रशिक्षक बदलल्यानंतर तेरा सामन्यांत तेवीस गुण. प्रशिक्षक न बदलता नऊ सामन्यांत बावीस, आणि बदलून तेरा सामन्यांत तेवीस. श्मायकेल, मॉर्गन, हूथ, ड्रिंकवॉटर, ऑलब्रायटन, माहरेझ, वार्डी ही माणसे दोन्ही वेळी तीच. डच अर्थशास्त्रज्ञ बास टेर वील यांनी नेदरलंड्सच्या पहिल्या श्रेणीतील १९८६ ते २००४ या काळातील बदल्यांचा अभ्यास केला तेव्हा त्यांनाही हेच आढळले, की प्रशिक्षक बदलल्यावर संघ सुधारतो हे खरे, पण तितक्याच घसरणीनंतर ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही ते संघही सुधारतात. तळाला गेलेले पाणी बहुधा पुन्हा चढते. चढतीच्या वेळी गादीवर जो असेल त्याला यश मिळते.

मग बदलाचा परिणाम शून्य असे म्हणावयाचे काय? तसे मी म्हणत नाही. सरासरीचा नियम संघांविषयी सांगतो. माणसांविषयी तो मुका आहे. बडतर्फीने प्रत्येक खेळाडूचे आयुष्य वेगळ्या रीतीने हलते. इस्लाम स्लिमानी आणि अहमद मुसा यांना रानिएरींच्या काळात मोठ्या रकमा मोजून आणले होते. परक्या देशात, नव्या भाषेत ते कोणाच्या तरी भरवशावर आले होते. आणि जुने अकरा पुन्हा उभे करण्याचे ठरताच त्यांच्यासाठी पहिल्या अकरांत जागा उरली नाही. दहा जणांना घरी परतल्यासारखे वाटत असता या दोघांना आपण पाहुणे आहोत हे समजले असेल. प्रशिक्षकाबरोबर जी वचने जातात त्यांची नोंद कोठेच होत नाही. आणि जे जिंकू लागले त्यांच्याही वाट्याला निर्भेळ आनंद आला नाही, कारण प्रत्येक विजय त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होता: आता धावता, तर तेव्हा का नाही? आरोपीने आपल्या निर्दोषपणासाठी धावावे आणि जितके चांगले धावेल तितका तो दोषी ठरावा, अशी ही विलक्षण अवस्था.

आपल्याकडे कोल्हापुरात फुटबॉलचे संघ आजही तालमींच्या नावाने मैदानात उतरतात. खंडोबा, दिलबहार, पाटाकडील ही नावे शाहू स्टेडियमवर गर्जतात. कुस्तीच्या तालमीत पठ्ठा चितपट झाला म्हणून वस्ताद बदलत नाहीत. पठ्ठ्याच्या हारीची लाज वस्ताद आपली मानतो, आणि पठ्ठाही आपली हार वस्तादाच्या माथी मारीत नाही. इंग्लंडातील पगारी फुटबॉलला हा दस्तूर जसाच्या तसा लागू करावा असे मी सुचवीत नाही. तेथे खालच्या श्रेणीत जाणे म्हणजे दूरचित्रवाणीच्या उत्पन्नाचा मोठा भाग गमावणे, आणि त्यावर शेकडो नोकरांची पोटे अवलंबून असतात. पण अधिकार कोठून येतो याविषयी तालीम काही शिकवते, आणि इंग्लंडातीलच एक जुने उदाहरण त्याला दुजोरा देते. १९७४ साली ब्रायन क्लफ प्रशिक्षक म्हणून लीड्स युनायटेडला आले तेव्हा तो संघ इंग्लंडचा विजेता होता, आणि आधीचे प्रशिक्षक डॉन रेव्ही यांनी घडवलेल्या त्या खेळाडूंनी क्लफ यांना एक दिवसही आपले मानले नाही; चव्वेचाळीस दिवसांत त्यांची नेमणूक संपली. तेच क्लफ पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्ट या दुसऱ्या श्रेणीतील संघाकडे गेले, आणि १९७८ साली तो इंग्लंडचा विजेता झाला व १९७९ आणि १९८० साली युरोपचा. क्लफ दोन्हीकडे एकच होते. फॉरेस्टमध्ये त्यांच्या शब्दामागे मुदत होती, लीड्समध्ये पहिल्या दिवसापासून ती नव्हती.

लेस्टरच्या मालकांनी पुढे जे केले त्याकडे पाहिले की चिंता वाटते. शेक्सपिअर यांना जून २०१७मध्ये कायम केले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात काढले. क्लोद प्युएल आले, २०१९च्या फेब्रुवारीत गेले. ब्रेंडन रॉजर्स यांच्याकडे मात्र चार वर्षे कारभार राहिला, आणि त्याच काळात, २०२१ साली, लेस्टरने आपल्या इतिहासात प्रथमच एफ.ए. चषक जिंकला, पण २०२३च्या एप्रिलमध्ये, संघ पुन्हा तळाकडे घसरत असता, तोच उपाय पुन्हा करण्यात आला. या वेळी चैतन्य आले नाही, आणि संघ खाली गेला. वर येऊन २०२४-२५मध्ये हंगामाच्या मध्येच पुन्हा प्रशिक्षक बदलला, पुन्हा संघ खाली गेला. औषध तेच, गुण मात्र येईना. खेळाडूंची एक पिढी अशी वाढली की पराभवाच्या दिवसांत तिची नजर नकळत दाराकडे जाते, आता कोण जाणार आणि कोण येणार याकडे. आणि ज्या संघात सर्वजण दाराकडे पाहत आहेत तेथे ड्रिंकवॉटरने मान वर करण्याआधी धावत सुटणारा वार्डी कोठून निर्माण व्हावा?

२८ नोव्हेंबर २०२१ रोजी रानिएरी लेस्टरच्या त्याच मैदानावर परत आले, पाहुण्या वॉटफर्ड संघाचे प्रशिक्षक म्हणून. बर्फ पडत होते. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून त्यांचे स्वागत केले. लिव्हरपूलला हरवणाऱ्या त्या अकरांपैकी चौघेच तोवर संघात उरले होते: श्मायकेल, एन्डिडी, ऑलब्रायटन आणि वार्डी. लेस्टर चार विरुद्ध दोन असा जिंकला, आणि त्या रात्रीप्रमाणे याही वेळी वार्डीने दोन गोल केले. दोन महिन्यांच्या आत वॉटफर्डनेही रानिएरींना निरोप दिला.